फट बुजवू नये

सोमवार, ४ मार्च

आणि वर मलाच म्हणते, "आई, इथे मला आई होऊन बोलू नकोस." मग कोण होऊन बोलू? तिला जन्म दिला तो काय मुकादम म्हणून दिला? तेही चारचौघांत, माझ्या टोळीतल्या बायका ऐकताहेत, तिचे साहेब ऐकताहेत. मी विचारलं तरी काय होतं? एवढंच, की बीम जिथे कॉलमला भेटतो तिथेच खालून ही फट कशाला ठेवायची. पंजा सरळ करून आत घातला तर मनगटापर्यंत जाईल. असलं काम माझ्या कोणा बाईने केलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातात थापी दिली नसती. तर म्हणते, "ती मुद्दाम आहे." मुद्दाम. बीमच्या ऐन गळ्याशी मुद्दाम कमजोर जागा ठेवायची, हे कळायला हिला एवढं शिकवलं.

साहेब टक्कल पुसत म्हणाले, "ताई, मुलगी अगदी तुमच्यावर गेली आहे." मला तो टोमणाच वाटला.

घरी येऊन ह्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ह्यांच्या छातीचं दुखणं निघाल्यापासून घरात आरडाओरडा नको असं डॉक्टर म्हणालेत. हे जन्मात कधी ओरडले नाहीत, म्हणजे सांगितलं ते मलाच. भूकंपानंतर एक बाई सगळ्यांना वह्या वाटून गेली होती, मनातलं लिहून काढा म्हणून. माझी कोरीच राहिली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या मनात लिहिण्यासारखं काय असणार? आज कळलं, वहीवर ओरडलं तर कोणाच्या छातीत दुखत नाही.

बुधवार, ६ मार्च

आज राग जरा खाली बसला आहे, तर नीट लिहिते.

माझी बायकांची टोळी आहे. काँक्रीट ओतायचं, प्लास्टर करायचं, फुटकं-तुटकं भरून काढायचं. लेक जिथे काम करते तिथे मोठा हॉल आहे, त्यात एक यंत्र आहे. ते बीमचं टोक धरून वर-खाली असं हलवतं की भूकंपच. बीम मोडेपर्यंत. मोडायसाठी बीम करणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले. आधीच्या ठेकेदाराने काम बिघडवून ठेवलं म्हणून लेकीने मला बोलावलं. एकसारखे दोन बीम करायचे आहेत. एक मोडायचा, दुसरा हाताशी ठेवायचा.

आमची इमारत भूकंपात पडली नाही. पडली असती तर रडून मोकळे झालो असतो. ती उभीच आहे, फक्त सगळ्या बीमांना टोकाशी तडे गेले आहेत. तपासणीवाले म्हणाले, आतून किती ताकद उरली ते सांगता येत नाही आणि दुरुस्तीला नव्याइतकाच खर्च. कुलूप लागलं. आता पाडणार. हे रोज सकाळी तिथे जाऊन फाटकाबाहेर उभे राहतात आणि परत येतात. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणतात, "खिडक्या."

त्याच जागी नवीन बांधायची आहे. आमच्या रहिवाशांचे अध्यक्ष म्हणालेत, तुमच्या मुलीचा बीम माझ्या डोळ्यांसमोर टिकला तर नवी इमारत तिच्या पद्धतीने, नाहीतर नेहमीच्या. म्हणजे आमचं घर लेकीच्या एका बीमला टांगलेलं आहे.

जेवताना तिने बापाला समजावून सांगितलं. फटीतून आरपार काही जाड लोखंडी कांड्या घातलेल्या असतात, दोन्हीकडे नट. भूकंपात सगळा ताण त्या कांड्यांनी घ्यायचा. त्या वाकतील, ताणतील, बाकीचा बीम शाबूत राहील. मग नट खोलून कांड्या बदलायच्या की घर पुन्हा तयार. हे बस डेपोत फिटर होते, ह्यांना लगेच पटलं. "चाक बदलतात तसं," म्हणाले.

मी म्हटलं, "चाक बदलताना गाडीत माणसं झोपलेली नसतात."

"झोपलेली असली तरी चालेल आई, तेच तर," लेक म्हणाली. "फट उघडेल, मिटेल, उघडेल, मिटेल. बस्स."

मी पाणी प्यायला उठले.

ह्यांच्या चष्म्याची दांडी बिजागरीत लटलटत होती. आज तिथे गोंद घालून पक्की करून टाकली. आता हलायचं नाव नाही. ह्या भाड्याच्या खोलीतल्या भेगासुद्धा मी आल्या आल्या पुट्टीने भरल्या, घरमालकाने सांगितलं नव्हतं तरी. समोरची बाई अजून चप्पल उशाशी घेऊन झोपते. माणसाने किती घाबरावं. मी दाराशी अंथरूण घालते ते हवेसाठी.

शनिवार, ९ मार्च

दोन्ही बीमांच्या फळ्या काढल्या. काँक्रीट असं उतरलं आहे की कुठे एक पोकळी नाही. फक्त त्या फटी. वासलेलं तोंड असतं तशा.

लेक गावाला गेली आहे, मंगळवारी येईल. जाताना सांगून गेली, कांड्या बसवून घे आणि फटीवर बाहेरून पातळ पत्रा लाव, आत कचरा जाता कामा नये.

कांड्या बसवल्या, नट आवळले. मग पत्रा हातात घेतला आणि लावायला मन होईना. जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर गेल्या होत्या. मी माझा तो खास माल कालवला, जो पाण्याच्या टाक्यांना वापरते, सुकताना आकसत नाही असा. आधी एका बीमची फट भरली, मग दुसऱ्याची. कांड्यांच्या भोवती बोटाने दाबून दाबून बसवला.

चिमटी सगळ्यांच्या आधी परत आली. चिमटी म्हणजे आमची सळया बांधणारी, काडीसारखी बाई, जीभ मात्र जाड. बघत उभी राहिली. "ताई, ड्रॉइंगात फट दाखवली आहे."

मी म्हटलं, "ड्रॉइंग माझ्या लेकीचं आहे. आणि लेक माझी आहे."

पत्रा लावायचा होताच, तो लावला.

मन कसं शांत झालं. बीम आता बीमसारखा आहे. कांड्याही आहेत, मालही आहे. तिच्या कांड्यांनी धरलं नाही तर माझा माल धरील. नापास तर होणार नाही ना पोर. आई असून एवढंही करायचं नाही?

मंगळवार, १२ मार्च

लेक आली. थेट हॉलवर आली, पिशवी खांद्यालाच. बीमवरून हात फिरवला, जसा आपण झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतो. "आई, सगळं नीट?"

"माझं काम आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर बोलावलं तुला," ती म्हणाली आणि पांढऱ्या रंगाचा डबा आणायला गेली. बीमला पांढरा रंग देतात, म्हणजे तडे उठून दिसतात.

पत्र्याकडे तिने बघितलं नाही. मला उगाचच घाम आला. हॉलमध्ये हवा नाही.

रात्री जेवताना कळलं, गावाला गेली होती ती नोकरी बघायला. दूर, पार दुसऱ्या टोकाला. त्यांना महिनाअखेर उत्तर हवं आहे. "इथलं जमलं तर जाणार नाही," म्हणाली. हे म्हणाले, "जमेल की." मी म्हटलं, "बीम पास होणार, तू काळजी करू नकोस." तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मी तिच्या कामाला इतकं चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी.

गुरुवार, १४ मार्च

झालं एकदाचं.

अध्यक्ष इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ह्यांना खुर्ची दिली. मी बायकांबरोबर मागे उभी. यंत्र सुरू झालं, आधी हळू, मग जास्त. बीमचं टोक वर जायचं, खाली यायचं. लेक पत्र्याकडे टक लावून होती. तिला वाटत होतं तिथे काहीतरी हलेल. पत्रा हलला नाही. ती एकदा साहेबांकडे बघे, एकदा कॉम्प्युटरकडे. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, बघ, कसा धरला आहे.

मग पांढऱ्या रंगावर एक तिरकी रेघ उठली, फटीपासून हातभर अलीकडे, धडधाकट बीममध्ये. पुढच्या हेलकाव्याला दुसरी, तिच्यावर फुली मारल्यासारखी. एक मुलगा पेन्सिलीने रेघा काढायला पुढे गेला आणि तेवढ्यात खालचा मोठा तुकडा निखळून त्याच्या बुटापाशी पडला. आतल्या सळया दिसायला लागल्या. साहेबांनी हात वर करून यंत्र थांबवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे हा आमच्या जुन्यासारखाच मोडला," म्हणाले. वाईट हेतूने नाही म्हणाले. दिसलं ते म्हणाले.

मुलगा थोडक्यात वाचला म्हणून साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढून हॉलला कुलूप घातलं. बुधवारी तपासणी झाल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, लेकीनेसुद्धा नाही.

एक मात्र लिहून ठेवते. मी भरलेल्या जागी केसाएवढीही चीर आली नाही. बीम गेला पण माझा माल जागचा हलला नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मी आधीच म्हणाले होते. कोणी विचारत नाही.

रविवार, १७ मार्च

लेक पुस्तकं खोक्यांत भरते आहे. जाणार म्हणे. अध्यक्षांचा फोन येऊन गेला, एकतीस तारखेला सभा आहे, नेहमीच्या पद्धतीचं ठरवून टाकू म्हणाले.

मी भांडी घासत होते, दोघं आत बोलत होते. आमच्या ह्या घरात आत आणि बाहेर असं काही नाही, सगळं ऐकू येतं.

"कांड्यांना काही झालंच नाही बाबा. त्यांच्यावर ताण मोजायच्या तारा लावल्या होत्या. एकही कांडी ताणली नाही. जणू तिथे फटच नव्हती."

"मग काहीतरी राहून गेलं असेल," हे म्हणाले.

"तेच ना. माझंच गणित चुकलं असणार. पाच वर्षं चुकीचं गणित करत होते."

आता कांड्या शाबूत निघाल्या म्हणून रडणारी ही पहिलीच. चांगल्या होत्या म्हणायचं. मी भांडं जरा जोरात आपटलं, बोलणं थांबलं. मग हे बाहेर आले आणि भांडी पुसायला लागले. म्हटलं, "तुम्ही बसा." म्हणाले, "बसून काय करू, खिडक्या तिकडे आहेत."

मंगळवार, १९ मार्च

ह्यांचा चष्मा मोडला. खुर्चीवर ठेवला होता आणि त्यावरच बसले. तसे हे नेहमीच बसतात, दर वेळी बिजागरीचा स्क्रू पडतो आणि चष्मेवाला नवा घालून देतो. ह्या वेळी दांडी गेली नाही, काचेभोवतालची कडा फुटली आणि काचेला तडा.

चष्मेवाल्याने भिंगाखाली धरून बघितलं. "हे चिकटवलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मीच."

"काका, कशाला असले उद्योग करता?" तो पोरगेलासा आहे, पण तोंडाने फटकळ. "हा स्क्रू म्हणजे सगळ्यात फालतू वस्तू. धक्का बसला की आधी तो जावा म्हणूनच आहे. तो गेला की मी दुसरा घालतो, तुम्ही घरी जाता. तुम्ही त्यालाच गोठवून टाकलंत. मग जोर कुठेतरी जाणारच ना? गेला काचेत. आता सगळा चष्माच नवा घ्या."

मी तिथल्या स्टुलावर बसले. दुकानदार पाणी आणायला धावला. ह्यांना वाटलं, छातीचं दुखणं आता मला लागलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "तुम्ही का म्हणालात, मीच?"

"तुला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं असतं."

"आणि तुम्हाला?"

"मला सवय आहे," म्हणाले आणि फुटक्या चष्म्यातून रस्ता बघत चालायला लागले. कसली सवय ते मी विचारलं नाही. हात धरून आणलं त्यांना घरी.

केसाएवढीही चीर आली नाही असं मी त्या दिवशी लिहिलं आहे. आत्ता मागचं पान उलटून वाचलं. अक्षर किती छान आलं आहे.

बुधवार, २० मार्च

हॉल उघडायच्या आधी जाऊन दाराशी उभी राहिले. साहेब आले, लेक आली. तिला वाटलं बापाचं काहीतरी झालं. म्हटलं, बाबा ठीक आहेत. कुलूप काढायच्या आधी ऐका, नाहीतर मग ते मी सांगितलं असं होणार नाही, तुम्ही पकडलं असं होईल.

"फट मी भरली होती."

लेकीला कळलंच नाही. "कुठली फट?"

"तुझी. माल भरून वर पत्रा लावला."

"ह्याची?"

"दोन्ही बीमांची."

साहेब पायरीवर बसले, सुटाबुटात. लेक उभीच. मी म्हटलं आता ओरडेल. माझी लेक आहे, ओरडायला पाहिजे. मी पदर खोचून तयार होते.

ती म्हणाली, "पत्रा काढून आत बघायचा नियम आहे. तो नियम मीच लिहिला आहे. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर बघितलं असतं." आणि पाठ फिरवून गेली. संध्याकाळी मैत्रिणीकडे राहते असा बापाला फोन केला. मला केला नाही.

साहेबांना म्हटलं, "तुम्ही तरी ओरडा."

"ओरडून फट मोकळी होते का ताई?"

"नाही. छिन्नीने होते," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, दुसरा बीम अजून धड आहे, मी तो मोकळा करते. ते म्हणाले, यंत्र पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत रिकामं आहे, मग दुसऱ्यांना दिलेलं आहे. पण बीम चढवायला सही तिची लागते. "तिने नाही म्हटलं तर मी जबरदस्ती करणार नाही. आणि मी तिच्या जागी असतो तर नाहीच म्हटलं असतं."

तसं बोलणारा माणूस मला आवडतो.

शनिवार, २३ मार्च

तीन दिवस स्वतःच्याच हाताने केलेल्या चांगल्या कामाला शिव्या देते आहे. हा माल दगडाचा बाप आहे. जोरात मारलं तर काँक्रीटची धार उडेल, हळू मारलं तर नुसती धूळ. पडून, कुशीवर होऊन, कपाळाला दिवा बांधून कोरायचं.

पहिल्या दिवशी एकटीच होते. दुसऱ्या दिवशी चिमटी छिन्नी घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं. खाली वाकून म्हणाली, "ताई, ड्रॉइंगात काय दाखवलं आहे, विचारू का?"

"विचार," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"नको, राहू दे," म्हणाली आणि दुसऱ्या बाजूने कोरायला लागली. दिवसभर अधूनमधून तिला हसू फुटत होतं, मला ते छिन्नीच्या आवाजात कळत होतं.

आज घोडं अडलं ते नटांवर. माझा माल नटांच्या आट्यांत शिरून बसला होता. कांड्या निघाल्याशिवाय त्यांच्या मागचा माल निघत नाही. दोघींनी पान्यावर लोंबकळून बघितलं, ढिम्म. म्हटलं संपलं. पाना तिथेच टाकून घरी आले. ह्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पलंगाखालून डेपोतली पिशवी ओढली.

"डॉक्टर काय म्हणालेत?" मी म्हटलं.

"ओरडू नका म्हणालेत. पाना फिरवू नका म्हणाले नाहीत."

हॉलवर येऊन नव्या चष्म्याने आधी बराच वेळ नुसतं बघितलं. रॉकेल लावलं, थांबले, नटाच्या सहाही बाजूंना हलके हलके टकटक केलं, दार वाजवावं तसं. पुन्हा थांबले. मी म्हणणार होते जोर लावा, पण जीभ दाताखाली धरली. मग त्यांनी पाना लावला आणि जराही जोर न करता नट सुटला. सगळे सुटले. कांड्या बाहेर आल्या. मी इतकी वर्षं ह्या माणसाला, कशाला घाई नाही, कशाला राग नाही, म्हणून बोलत आले.

मंगळवार, २६ मार्च

आता हे पान लेकीसाठी. वहीच देऊन पाठवते बाबांबरोबर. मागचंही वाच, मी काही फाडलेलं नाही.

फट मोकळी झाली आहे. कागदाची पट्टी आत घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली, कुठे अडकत नाही. पलीकडचा उजेड दिसतो. एका ठिकाणी कडेचा नखाएवढा टवका उडाला आहे, तो लपवलेला नाही, खडूने गोल केला आहे. नव्या कांड्या तुझ्या कपाटातल्या, साहेबांना विचारून घेतल्या. काल दुपारी बाबांनी आणि मी बसवल्या. चहाच्या वेळेच्या आत झालंही. चिमटी बीमच्या वरच्या अंगाला पाय सोडून बसली होती, तिला उठायलाही सांगावं लागलं नाही. तेव्हा मला माझं ते चाकाचं बोलणं आठवलं. बिघाड मी केला होता आणि तुझा बीम मोडावा लागला नाही. नट काढले, कांड्या बदलल्या. माणसं झोपलेली असती तरी चाललं असतं.

पत्रा लावलेला नाही. तू बघितल्यावर तूच लाव. ह्यापुढे माझं काम म्हणून न बघता राहायचं नाही.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. भूकंपाच्या वेळी मी तुझ्या खोलीच्या दारात उभी होते. तुझ्या पलंगावरचा बीम टोकाशी उघडला. मिटला. परत उघडला. तू उठून दारापर्यंत येईस्तोवर तो किती वेळा उघडला ते मला माहीत आहे. मग तू जेवताना म्हणालीस, फट उघडेल, मिटेल, बस्स. मी भरली ती तुझी फट नव्हती.

माझ्याकडून माफीबिफी लिहून होणार नाही. दोनदा लिहून बघितलं, चौथीतला निबंध वाटतो. अध्यक्षांना मात्र आज जाऊन सांगून आले, तोंडावर, त्यांच्या बायकोसमोर, की मुलीचं गणित चुकलं नव्हतं, माझा हात चुकला. ते म्हणाले, दुसरा बीम दाखवा, मी येईन. नाही दाखवलात तर एकतीसला नेहमीच्यावर सही.

जायचं असेल तर जा. खोकी मी बांधून देईन, तुला दोरी बांधता येत नाही. पण पाच वर्षं चुकीचं गणित केलं असं समजून जाऊ नकोस. ते मी चालू देणार नाही.

यंत्र शनिवारपर्यंत आपलं आहे. बीम चढवायला पुरा दिवस जातो. क्रेनवाल्याला मी थांबवून ठेवलं आहे, तो गुरुवारी दुपारपर्यंतच थांबेल, पुढे त्याला दुसरं काम आहे. मला फोन नको असेल तर बाबांना कर, साहेबांना कर, चिमटीला कर. गुरुवारी सकाळी दहाच्या आत सांग. चढवायचा की नाही.